एवढं एकदा मार्गी लागू दे

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत दोन प्रकारची माणसं राहतात. पहिल्या प्रकारच्या माणसांचं सगळं आजोबांच्या वेळीच ठरून गेलेलं असतं. पार्थसारथीच्या देवळाभोवतीच्या कुठल्या गल्लीत राहायचं, कपाळावरचा नाम वायसारखा ओढायचा की यूसारखा, कॉफीची पूड कुणाकडून दळून आणायची आणि कुठल्या चुलत्याशी भांडण चालू ठेवायचं. दुसऱ्या प्रकारची माणसं मॅन्शनमध्ये राहतात आणि त्यांचं काहीच ठरलेलं नसतं. मॅन्शन म्हणजे इथं एकट्या पुरुषांनी भाड्यानं राहायची चाळ. लांबलचक बोळ, दोन्ही हातांना खोल्या, खोलीत एक खाट, एक पंखा, भिंतीत एक कोनाडा, आणि जिन्यापाशी नियमांची पाटी. स्वयंपाक करू नये. रात्री पाहुणा ठेवू नये. कठड्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. पाटीवरच कुणाचा तरी ओला टॉवेल असतो, त्यामुळे बाकीचे नियम वाचता येत नाहीत. औषध कंपन्यांचे विक्रेते, सरकारी परीक्षांचे उमेदवार, सिनेमात नशीब काढायला आलेले मदुरैकडचे तरुण, असे सगळे वर्षानुवर्षं इथं ‘चार महिने’ म्हणून येतात आणि टकलं पडेपर्यंत राहतात.

बॉम्बे या दुसऱ्या प्रकारातला. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते इथं कुणी वापरत नाही. महाराष्ट्रातून आला तो बॉम्बेचा, एवढा इथला भूगोल स्वच्छ आहे. वास्तविक तो उदगीरचा. मुंबई त्यानं एकदाच पाहिली, तीही मुलाखतीच्या दिवशी, लोकलच्या गर्दीत दुसऱ्याच्या काखेखालून. उदगीरकरांना हैदराबाद जवळचं, मुंबई फार लांब, हे त्यानं मॅन्शनच्या वॉचमनला नकाशा काढून समजावलं. वॉचमननं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बॉम्बेमध्ये पाऊस कसा आहे?”

तो एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. म्हणजे अजून होतो आहे, दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. मी महालेखाकारांच्या कचेरीत नोकरीला म्हणून या गावात आलो आणि निवृत्त झाल्यावर परत जायचं राहून गेलं. भारती सालईच्या मागच्या गल्लीत एक मराठी म्हातारा राहतो आणि त्याच्याकडे रविवारी सकाळी कांदेपोहे मिळतात, ही बातमी बँकभरतीच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत छापून लातूर-नांदेडकडे जात असावी असा मला संशय आहे. दर वर्षी एक-दोन मुलं येतात. बॉम्बे आला, पोह्यांवर लिंबू पिळलं, पहिला घास घेतला आणि न विचारता सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, “एवढं एकदा मार्गी लागू दे काका, मग बघा.”

तेव्हापासून मी बघतो आहे.

या मुलाच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट एकटी बदलत नाही. नोकरी लागली त्याच महिन्यात वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. वडील मोकळे झाले म्हणून चुलत्यांनी घराच्या वाटणीचा विषय काढला. वाटणी निघाली म्हणून आईनं याच्या लग्नाची घाई केली, कारण मांडव घालायचा तर अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहायच्या आत घालायला हवा. लग्न ठरलं अंबाजोगाईच्या मुलीशी. तिला आपण अंबाजोगाईच म्हणू, इथल्या रिवाजाप्रमाणे. ती पुण्यात नोकरीला. आता चेन्नईत शोधते आहे, म्हणजे तिकडेही हाच कारखाना चालू. लग्न ठरलं म्हणून यानं दात सरळ करायला घेतले. दातांना तारा लागल्या म्हणून भात आणि इडली एवढंच खाणं उरलं. त्यानं पोट सुटलं. पोट सुटलं म्हणून पहाटे उठून मरीनावर धावणं सुरू झालं. शिवाय रिझर्व्ह बँकेची परीक्षा आहे. शिवाय तमिळ आहे. प्रत्येकासाठी मोबाइलमध्ये वेगळा गजर आहे. एकदा पोहे खाता खाता लागोपाठ चार वाजले. त्यानं एकेक बंद केला आणि सांगितलं, “दात. चुलते. चलनवाढ. चौथा कशाचा ते आठवेना.” चौथा अंबाजोगाईच्या वाढदिवसाचा होता. पण ते रात्री कळलं आणि तो वेगळा विषय आहे.

तुम्हाला वाटेल, पोरगं खचलं असेल. मुळीच नाही. मोठे बदल तो बिनतक्रार गिळतो. वडिलोपार्जित घराचे दोन तुकडे होणार, हे त्यानं दुसऱ्यांदा पोहे वाढून घेता घेता सांगितलं. ज्या मुलीला तो समोरासमोर दोनदाच भेटला आहे तिच्याबरोबर जन्म काढायचा, याची त्याला काडीची धास्ती नाही. त्याला आडवं करतात ती बारीकसारीक प्रकरणं. उशी, उदाहरणार्थ. मॅन्शनची उशी चालेना म्हणून त्यानं दिवाळीनंतर उदगीरहून स्वतःची शेवरीच्या कापसाची उशी आणली, आधी विकाराबादच्या गाडीत आणि मग रात्रभर चारमिनार एक्स्प्रेसमध्ये, मांडीवर घेऊन. शेवरीचा कापूस याच राज्यात तेनीकडे ढिगानं पिकतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर त्याच्या उशा मिळतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “कापूस तोच असंल काका, डोकं उदगीरचं हाय ना.”

दुसरं प्रकरण पिठल्याचं. ते जवळून पाहण्यासारखं होतं. अकबर साहेब रस्त्यावरच्या काशी विनायक मेसमध्ये टोकन घेऊन रांगेत उभं राहायचं, नंबर आला की बसायचं, मुकाट्यानं जेवायचं आणि उठायचं, हा शिरस्ता त्यानं अंगी बाणवला. सांबार, कारकोळंबू, रसम, ताक, सगळ्यांशी जमवून घेतलं. पण बुधवारी संध्याकाळी, का कोण जाणे, बुधवारीच, त्याला पिठलं हवं असतं. खोलीत स्वयंपाकाला बंदी. मग त्यानं एक लिटरची स्टीलची विजेची किटली घेतली. पाण्याला बंदी नाही! मी एका बुधवारी त्याच्याकडे गेलो तेव्हा दाराला आतून कडी, फटीला टॉवेल लावलेला, आणि आत हा खाटेवर मांडी घालून किटलीच्या तोंडात चमचा उलटा धरून घोटतो आहे. बेसन, हळद, हिंग, आईनं पाठवलेलं तिखट. पाणी उकळलं की किटलीचं बटण आपोआप टक्कन वर उडायचं, हा पुन्हा दाबायचा, ते पुन्हा उडायचं. पिठलं शिजेपर्यंत असं किती वेळा झालं असेल देव जाणे. खाली वॉचमन नाक वर करून बोळभर हिंडत होता. शेवटी दारावर थाप पडली. “सार, गॅस लीक होतोय का?” बॉम्बेनं दार किलकिलं करून सांगितलं, “आयुर्वेदिक औषध आहे.” वॉचमन आदरानं मागे सरला. या देशात आयुर्वेद म्हटलं की कसलाही वास चालतो. पिठलं उत्तम झालं होतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. फक्त किटली आतून जन्माची पिवळी झाली. घासूनही तो रंग गेला नाही.

त्याला इथल्या जगाविषयी पहिला विश्वास आला तो रत्ना कॅफेत. तिथं इडली मागवली की माणूस सांबाराचं भांडं घेऊन येतो आणि इडली दिसेनाशी होईपर्यंत ओततो. संपलं की पुन्हा ओततो. पहिल्या दिवशी यानं ताटलीवर हात आडवा धरला होता आणि हातावरच घेतलं. मी त्याला सहज सांगितलं की हे हॉटेल 1948 सालचं, आणि ज्या सांबारासाठी अख्खं मद्रास इथं लोटतं ते काढणारं गुप्ता कुटुंब मूळचं उत्तरेतलं. तो चमचा हवेत धरून माझ्याकडे बघत राहिला. “म्हणजे काका, तेही बॉम्बेच!” त्या दिवशी त्यानं दोन इडल्या जास्त खाल्ल्या.

तमिळचा अभ्यास त्यानं रविवारच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून सुरू केला. पायक्रॉफ्ट्स रोड, म्हणजे आताची भारती सालई, तिथं पसरलेल्या पुस्तकांत त्याला ‘तीस दिवसांत तमिळ’ या थाटाचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. आधीच्या मालकानं अकराव्या दिवसापर्यंत लाल शाईनं रेघा मारलेल्या होत्या, पुढची पानं कोरी. बॉम्बेचाही अभ्यास अकराव्या दिवशी थांबला. बँकेच्या काउंटरवर तेवढंही पुरतं. ‘सापटाच्चा?’ म्हणजे जेवलात का, हे विचारलं की पेन्शनर अर्धे विरघळतात. अडलं ते ‘ऴ’ या अक्षराशी. जीभ मागे वळवून, पण टाळूला न टेकवता काढायचा तो आवाज आपल्याकडच्या जिभेला सहसा जमत नाही. केळ्याला तमिळमध्ये वाऴैप्पऴम म्हणतात, एका शब्दात दोनदा ते अक्षर, म्हणून हा वर्षभर बोटानं केळी दाखवून घेत होता. मग दातांना तारा बसल्या. तारेला जीभ अडून बरोबर त्या जागी थांबायला लागली आणि एका संध्याकाळी झाम बाजारात त्याच्या तोंडून ‘वाऴैप्पऴम’ असं अस्सल निघालं की फळवालीनं एक केळं वर घातलं. आठवडाभर तो केळीच खात होता. पुढच्या भेटीत दातांच्या डॉक्टरांनी तारा आवळल्या, जिभेची जागा सरकली आणि अक्षर गेलं ते गेलंच. तारा दीड-दोन वर्षं राहणार. लग्न त्याच्या आतच. म्हणून साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत हा ओठ घट्ट मिटून बसला आहे. त्यावरून सासरी त्याची कीर्ती झाली, मुलगा फार गंभीर आहे, बँकेतला आहे.

या पेठेला असली मुलं काही नवी नाहीत. त्याला धीर यावा म्हणून एका संध्याकाळी मी त्याला हनुमंतरायन कोविल गल्लीकडे घेऊन गेलो. 1914 च्या सुरुवातीला इथं सव्वीस वर्षांचा एक मुलगा राहत होता. दोन वर्षांपूर्वी पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर कारकून म्हणून चिकटलेला, मग ती नोकरी बाजूला ठेवून विद्यापीठाच्या 75 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर आलेला. घरात आई, आईच्या धाकात कोवळ्या वयाची बायको. त्यात केंब्रिजहून हार्डीसाहेबांचं बोलावणं. समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडतो असं मानणारे सोयरे, पाटलोण घालायची सवय नाही, काट्याचमच्यानं खायची नाही, आणि शेंडी उतरवायची. श्रीनिवास रामानुजननं काय केलं? आईला आणि बायकोला आधी गाडीत बसवून कुंभकोणमला पाठवून दिलं आणि मग शेंडी कापली. 17 मार्च 1914 ला बोट सुटली.

मला वाटलं, पोराच्या डोळ्यांत पाणीबिणी येईल. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “आधी आईला पाठवलं, मग कापली. काका, सगळा खेळ क्रमाचा आहे.”

आणि खरोखरच त्याचं घोडं क्रमावरच अडलं होतं. लग्नानंतर मॅन्शनमध्ये राहता येणार नाही, म्हणजे घर हवं. घर दाखवणारा दलाल पहिला प्रश्न विचारतो, “फॅमिलीया? बॅचलरा?” बॉम्बेचं खरं उत्तर होतं, तूर्त बॅचलर, डिसेंबरपासून फॅमिली. दलालानं वहीत ‘बॅचलर’ लिहिलं आणि वही मिटली. पुराव्याला लग्नपत्रिका आणा म्हणाला. पत्रिका छापायची तर तारीख हवी. तारीख अंबाजोगाईच्या वडिलांच्या हातात, आणि त्यांचं म्हणणं, जावईबापू, आधी घर तर दाखवा. बँक अधिकाऱ्याच्या घराचं भाडं परस्पर मालकाला भरते, पण त्यासाठी मालकाची सही असलेला करार हवा. मालक म्हणतो, आधी अ‍ॅडव्हान्स, मग सही. अ‍ॅडव्हान्ससाठी काढायचे पैसे वडिलांकडून यायचे. वडिलांचे पैसे वाटणीत अडकलेले. आणि वाटणीच्या बैठकीला चुलते म्हणतात, पोराचं लग्न होऊन जाऊ द्या, मग बसू.

हा सगळा फेरा त्यानं मला रुमालावर काढून दाखवला. बाण फिरून पहिल्या चौकोनावर येत होता. मी म्हटलं, चल, देवाला जाऊन येऊ. काही सुचेनासं झालं की तिरुवल्लिकेणीकर हेच करतो. पार्थसारथीच्या गाभाऱ्यात मिशा असलेला कृष्ण उभा आहे, हातात शंख, आणि आजूबाजूला रुक्मिणी, बलराम, सात्यकी, प्रद्युम्न, अनिरुद्ध. बायको, भाऊ, मुलगा, नातू, सगळे. बॉम्बेनं हात जोडले, निरखून पाहिलं आणि बाहेर आल्यावर म्हणाला, “फॅमिली आहे म्हणूनच यांना इथं जागा मिळाली.”

दिवसभर काउंटरवर उभं राहून हा संध्याकाळी घरं बघत हिंडायचा. एक घर केवळ शाकाहाऱ्यांसाठी होतं. याची बुधवारची अंडी, हो, किटलीत तीही उकडतात, आड आली. एका घराला खिडकी होती पण तिच्यासमोर दुसऱ्याची भिंत होती. एका घरी आजोबांनी याची पत्रिका मागितली, छापलेली नव्हे, जन्माची. शेवटी मी मनावर घेतलं आणि त्याला राव मामींकडे नेलं.

राव मामी आमच्या ओळखीच्या, वय ऐंशीच्या आसपास, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. घरात अजून मराठी बोलतात. ती मराठी ऐकताना आपल्या खापरपणजीशी फोन जोडून दिल्यासारखं वाटतं. बॉम्बेला हर्ष झाला. परक्या गावात मराठी घरमालकीण! तो जाऊन सरळ पाया पडला आणि ‘आपण मराठी माणसं’ म्हणून सुरू झाला. मामींनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ सतराव्या शतकात तंजावरला उतरलेले. तेव्हापासून त्या घराण्यातलं कुणी उत्तरेकडे परत गेलेलं नाही, आणि उत्तरेकडून कुणी चौकशीलाही आलेलं नाही. मामींच्या लेखी हा मुलगा साडेतीनशे वर्षं उशिरा आला होता. त्यांनी विचारलं, “येवढे दिवस कोठं होतात?”

मग परीक्षा झाली. डांगर पच्चडी ठाऊक आहे का? आहे, आमची आई डांगर करते. सणाला पुरणपोळी करता की नाही? करतो. तुमच्या मराठीत ‘टेन्शन’, ‘अ‍ॅडजस्ट’ हे कुठले शब्द? यावर तो गप्प बसला, आणि ओठ मिटून गप्प बसल्यामुळे पुन्हा गंभीर दिसला. मामींना गंभीर मुलं आवडतात. वरच्या मजल्यावरचा पोर्शन, दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा, द्यायचं कबूल झालं. फॅमिली नंतर येईल हेही चाललं, कारण सून अंबाजोगाईची, आणि तिथल्या योगेश्वरीचं नाव मामींनी ऐकलेलं होतं. अ‍ॅडव्हान्स मात्र दहा महिन्यांचा, मद्रासच्या जुन्या चालीप्रमाणे. इथं बॉम्बेतला बँकवाला जागा झाला. तमिळनाडूच्या 2017 च्या भाडेकरू कायद्यानुसार करारात वेगळं ठरलं नसेल तर राहत्या घराला तीन महिन्यांच्या वर अनामत घेता येत नाही, असं त्यानं विनयानं सांगितलं. मामी म्हणाल्या, “कायदा 2017 चा. घर 1937 चं. घर थोरलं.” पाच महिन्यांवर तुटलं.

आता फक्त मुहूर्त उरला होता. हे ‘फक्त’ बॉम्बेचं. घर ठरलं तेव्हा आडी महिना लागायला आठवडा होता. साधारण 17 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंतच्या या महिन्यात तमिळ माणूस घर बदलत नाही, लग्न करत नाही. इथली कापड दुकानं तेवढ्यासाठी सवलतीचे सेल लावून बसतात. आडी संपला तर उदगीरहून आईचा फोन, गणपती झाल्याशिवाय नवं घर नको. गणपती झाले तर पितृपक्ष, त्याबाबत मात्र मामी आणि आई या दोन अनोळखी बायकांचं लगेच एकमत झालं. मग पुरट्टासी महिन्याचे उरलेले दिवस मामींना पसंत नव्हते. लग्नाचं असं की आपल्याकडे तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांचं लागत नाही, आणि इकडे डिसेंबरच्या मध्याला मारगळी लागला की पुन्हा पोंगलपर्यंत सगळं बंद. “तै महिना जन्मला की वाट जन्मते,” असं इथं म्हणतात. मामी तेवढ्यासाठी जानेवारीपर्यंत थांबायला तयार होत्या. बॉम्बे नव्हता. त्यानं दोन पंचांग, बँकेचं सुट्ट्यांचं पत्रक आणि दातांच्या डॉक्टरांची तारीख एकाखाली एक मांडली. रोजचा दीड तासाचा राहुकाळ वगळला. शाखेतल्या तपासणीचे दिवस वगळले. चाळणीतून खाली एकच दिवस पडला. नोव्हेंबरातला एक शनिवार, सकाळी नऊच्या आत. नऊला राहुकाळ लागतो.

नोव्हेंबर म्हणजे इथला पावसाळा. ज्या दिवसाला दोन राज्यांच्या शास्त्रांची हरकत नव्हती त्या दिवसाला फक्त आकाशाची होती. पहाटेपासून कोसळत होतं. मॅन्शनपासून मामींचं घर चार गल्ल्यांवर. सामान मोटर लावलेल्या तीनचाकी हातगाडीवर, जिला इथं मीनबॉडी वंडी म्हणतात, प्लॅस्टिकच्या कापडाखाली. उशी मात्र बॉम्बेच्या शर्टाच्या आत. मी छत्री धरून मागे. सव्वाआठला पोचलो तेव्हा मामी जिन्यात घड्याळ घेऊनच उभ्या होत्या. “आधी दूध उतू गेलं पायजे,” त्या म्हणाल्या. “मग सामान.”

दूध होतं, आविनची अर्ध्या लिटरची पिशवी, बॉम्बे विसरला नव्हता. शेगडीही होती. गॅसची जोडणी नव्हती, कारण जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो आणि करार अजून बँकेत सहीला पडलेला होता. मामींच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरातलं तापवलेलं दूध चालेना. नव्या घरातलं नव्या घरातच तापलं पाहिजे. आठ पंचवीस झाले. बॉम्बेनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यानं गाठोड्यातून किटली काढली.

अंबाजोगाई व्हिडिओवर होती. मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला होता. दूध ओतलं, बटण दाबलं. दूध तापलं, फुगलं, किटलीच्या गळ्यापर्यंत आलं आणि टक्. बटण उडालं. दूध खाली बसलं. “उतू नाही गेलं,” मामी म्हणाल्या. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं, पुन्हा टक्. “उतू जायला हवं हो,” मोबाइलमधून आवाज आला. आठ चाळीस. बॉम्बे घामाघूम. ज्यानं घराच्या वाटणीवर अश्रू ढाळला नाही, तो त्या बटणाकडे बघून रडकुंडीला आला होता. मीच मग भानावर येऊन मामींच्या फ्रिजमधली दुसरी पिशवी मागून आणली. किटली काठोकाठ भरली, झाकण उघडं ठेवलं आणि आम्ही चौघं, त्यात एक पुण्याहून, श्वास रोखून बघत राहिलो.

आठ बावन्नला दूध आलं. आलं ते थांबेचना. किटलीच्या चारी बाजूंनी उतरलं, खालच्या बैठकीत शिरलं, चर्र झालं, खोलीतला दिवा गेला, मामींच्या खालच्या मजल्याचाही गेला आणि वायफायबरोबर अंबाजोगाई तोंड उघडं असलेल्या अवस्थेत गोठली.

मामी प्रसन्न होत्या. त्यांनी खिडकीच्या उजेडात पेल्यांतून दूध वाढलं, पेला उजेडाला धरला, आणि दुधाचा फिकट पिवळा रंग बघून बॉम्बेच्या पाठीवर हात ठेवला. “हळद घातलास. शहाणा मुलगा.” मी माझा पेला नाकापर्यंत नेला. हिंगाचा वास स्पष्ट होता. मामींनी मात्र डोळे मिटून पेला संपवला आणि आणखी मागितलं.

एवढ्यात उदगीरहून साधा फोन आला. आई ओरडूनच बोलते, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं.

“उतू गेलं का रे?”

“गेलं की. नवाच्या आत.”

“बरं झालं बाई. कशात तापवलास?”

बॉम्बेनं किटलीकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“स्टीलच्या भांड्यात, आई.”